बाबा आणि पाच सेकंद

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम मी घरातही कधी मोडलेला नाही! म्हणून बाबांचा धापा टाकणारा कॉम्प्युटर बदलला, तेव्हा त्यातला बुद्धिबळाचा प्रोग्राम मी तोच ठेवला. पातळीही तीच, चौथी. चौदा वर्षं बाबा रोज सकाळी त्याच्याशी एक डाव खेळत आणि बहुतेक वेळा जिंकत. यात बिघडणार काय?

पहिल्या दिवशी बाबा बावीस खेळींत हरले.

"नव्या स्क्रीनची सवय नाही अजून," ते म्हणाले. आठव्या पराभवानंतर त्यांनी स्क्रीनला दोष देणंही सोडलं.

तेव्हा कुठे मी प्रोग्रामची माहितीपुस्तिका वाचली. चौथी पातळी म्हणजे प्रत्येक खेळीमागे पाच सेकंद विचार! जुनं यंत्र तेवढ्यात जेमतेम डोळे चोळायचं. नवं लाखो शक्यता पालथ्या घालत होतं.

गुपचूप निस्तरावं म्हणून जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. मीच त्यातलं सगळं पार पुसून टाकलेलं, आणि जुना प्रोग्राम काही केल्या त्यावर परत चढेना. मग एक नवाकोरा प्रोग्राम घातला. यंत्रच गोगलगाय, तर प्रोग्राम किती पळेल?

बाबा सतरा खेळींत हरले! नवा प्रोग्राम त्या मंद यंत्रावर थोड्याच खेळी तपासायचा, पण कुठल्या तपासायच्या नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो," बाबा हळूच म्हणाले. "परवा चष्माही फ्रिजमध्ये सापडला."

"बाबा, तो माझा होता!"

आणि मी सगळं कबूल केलं, आलेख काढून.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"अगदी ठणठणीत!"

"आणि चौदा वर्षं मी ज्याला हरवलं, त्याला विचार करायला फुरसतच नव्हती?"

यावरचा आलेख मी काढलाच नाही. मी घाईघाईने नव्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या प्रोग्रामला सेकंदाचा शंभरावा भाग दिला. बाबा जिंकले! मी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या वाजवतेस? त्याचा गळा आवळून धरतेस आणि मला म्हणतेस, मारा! दे त्याला पाच सेकंद परत."

आता बाबा रोज हरतात. काल एकतीस खेळी टिकले, तर शेजाऱ्यांनाही सांगून आले. मी कौतुकाने जवळ गेले.

"लांबूनच बोल," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!"