बाराव्या प्रकरणातले अश्रू

सोमवारी सकाळी सात वाजता बायकोने पांघरुणाचं टोक ओढून लेखकाला त्याचीच पोस्ट वाचून दाखवली.

"'पहाटेचे पाच. खिडकीत पहिला उजेड. नववं प्रकरण सुरू.'" तिने मोबाईल खाली ठेवला. "उजेड पार तोंडावर आलाय. उठा आता."

लेखकाचा पोटापाण्याचा धंदा चष्म्यांचा. दुकान सांभाळून दोन वर्षांत त्याने कादंबरीची तीन प्रकरणं लिहिली होती आणि प्रकाशकबाईंना आठ सांगितली होती. बाईंच्या नव्या यादीत एकच जागा उरली होती; तिथे एकतर ही कादंबरी, नाहीतर वजन कमी करण्याचं एक पुस्तक. निकाल शनिवारी. "तोवर सोशल मीडियावर रोज लिहीत राहा," बाईंनी बजावलं होतं, "पण अगदी मनातलं, खरंखुरं. वाचकाला खोटं लगेच कळतं."

रोज मनातलं सांगायला फुरसत कुठली? म्हणून रविवारी भरपेट जेवून लेखकाने आठवडाभराचं मनातलं एका बैठकीत उरकलं. भाचीने ते रांगेत लावून दिलं: रोज सकाळी सातला एक, आपोआप. मग भाची दहा दिवसांच्या मौन शिबिराला गेली. तिथे मोबाईल दारातच काढून घेतात.

सोमवारी दहाला बाईंचा फोन आला. "नववं सुरू म्हणजे शनिवारी बारा प्रकरणं घेऊनच या."

लेखकाने घाईने मोबाईल उघडला. नवी पोस्ट टाकायचं बटण त्याला माहीत होतं. रांगेतल्या काढायच्या कुठून, ते फक्त भाचीला ठाऊक. मंगळवारी दहावं आणि अकरावं प्रकरण 'एका बैठकीत उतरलं'. प्रत्यक्षात चौथ्या प्रकरणाच्या अडीच ओळी झाल्या, त्यातली दीड खोडली.

बुधवारी सातला जाहीर झालं: 'बाराव्या प्रकरणात आज आत्या गेली. लिहिताना अश्रू आवरले नाहीत.' नातेवाइकांनी घाईघाईत 'आत्या गेली' एवढंच वाचलं. दहाच्या सुमारास गावातल्या गावात राहणाऱ्या आत्याचाच फोन आला.

"मी गेले म्हणे. कशाने?"

"अगं आत्या, ती कादंबरीतली आत्या."

"काठी आपटत चालते का?"

"हो."

"शेजारणीशी भांडते?"

"थोडंफार."

"मग मीच. शुक्रवारी येते. माझं मरण मला वाचून दाखव."

म्हणजे बारावं प्रकरण मागणाऱ्या आता दोघीजणी झाल्या. गुरुवारी लेखक दुकानात काचांच्या डब्यांमागे चौथ्या प्रकरणाची पाचवी ओळ शोधत होता. एका गिऱ्हाइकाने नवा चष्मा लावला आणि पारखून बघायला मोबाईल काढला.

"'आज दुकान बंद, मोबाईल बंद. फक्त मी आणि कागद.'" त्याने मान वर करून उघड्या दुकानाकडे आणि मग लेखकाच्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं.

"अक्षर स्पष्ट दिसतंय ना?" लेखकाने क्षीण आवाजात विचारलं.

"अक्षर स्पष्ट आहे. मजकूर कळत नाहीये."

शुक्रवारी संध्याकाळी आत्या आली, खुर्चीत ऐसपैस बसली. लेखकाने फाईल उघडून घसा साफ केला. "तर... त्या दिवशी आत्याला जरा बरं वाटत नव्हतं. मग तिला... अधिकच बरं वाटेना."

आत्याने हात लांब करून कागद ओढून घेतला. "हा कोरा आहे."

"आत्या, या उजेडात तुला..."

"चष्मा तुझ्याच दुकानातला आहे. मला सगळं दिसतं. किती लिहिलंयस?"

"तीन."

"मग जिथे खोटं लिहिलंस, तिथेच खरं लिही."

लेखकाने मोबाईल काढून लिहिलं, 'प्रकरणं तीनच झाली आहेत. पहाटे मी झोपलेला असतो. आत्या जिवंत आहे आणि समोर बसली आहे.' दहा मिनिटांत बाईंचा फोन.

"ते आत्ताचं काढा आधी. किती बनावट वाटतंय. बाराव्या प्रकरणाचं कसं आतून आलं होतं. मी स्वतः रडले."

"बाई, खरंच तीनच आहेत."

"पुन्हा तेच. नम्रपणाचा आव तुम्हाला शोभत नाही. उद्या बारा आणा."

आत्याने फोन काढून घेतला. "नमस्कार. मी बाराव्या प्रकरणात गेलेली आत्या."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"तीनच आहेत," आत्या म्हणाली. "तुम्ही ते वजनाचं छापा."

"छापते," बाई बारीक आवाजात म्हणाल्या. "पण मग ही कादंबरी पुरी कधी होणार?"

आत्याने बोटांवर हिशेब केला. "दोन वर्षांत तीन. बाराव्यापर्यंत उरली नऊ, म्हणजे सहा वर्षं. मी एक्याऐंशीची आहे. सत्त्याऐंशीपर्यंत मला काही होत नाही." फोन परत देत ती भाच्याला म्हणाली, "सावकाश लिही हो."

यादीतली जागा गेली; पण छातीवरचा धोंडाही गेला. आठवड्यात पहिल्यांदाच लेखकाला गाढ झोप लागली आणि शनिवारी जाग आली ती पहाटे पाचला. खिडकीत खरोखरच पहिला उजेड होता. तो टेबलाशी बसला आणि पानांमागून पानं भरत सुटला.

पाठीमागे रात्री मुक्कामाला थांबलेल्या आत्याची काठी वाजली. "काय चाललंय?"

"आत्या, चौथं होत आलं. पाचवंही डोक्यात तयार आहे. या वेगाने महिन्याभरात बारावं..."

आत्याने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि दिवा मालवला.

"झोप जा," ती म्हणाली.