विहीणबाई नेमक्या कुठल्या गाडीत बसल्या?

आमच्या थोरल्या जावयांना एक खोड आहे. दिसेल त्याला शिकवायचं! वायरलेस दुरुस्त करतात म्हणून मला हवा समजावतात. मला! घरातच थाटलेल्या टॅक्सीच्या ऑफिसात त्याच वायरलेसवर बसून जिचे केस पिकले तिला!

त्या सकाळी बाहेर दाट धुकं. म्हणे, "आई, आज खाली गार हवा साचलीय, वर गरम. त्यामुळे वायरलेसच्या लहरी वर निसटत नाहीत, मधेच अडकून लांब पळतात. भलत्या गावचे आवाज येतील. आधी गाडीचा नंबर विचारत जा."

नंबर? आमच्यात नंबर कुणी सांगत नाही. मी नुसत्या खोकल्यावरून ड्रायव्हर ओळखते!

आणि माझा जीव कुठे थाऱ्यावर होता! धाकटीला बघायला मुलाची आई आगगाडीने येत होती. होकार-नकार सगळा तिच्या हातात. मी खिडकीशी जाई, परत येऊन माइक धरी.

"स्टेशनच्या मागच्या गेटला कोण आहे रे?"

"मी आहे, बाई!"

आवाज बसलेला. आमचे सगळे ड्रायव्हर मला आई म्हणतात, हा बाई म्हणाला. म्हटलं, सर्दी झालीय, आणि काल मी झापलं तेही लागलंय मेल्याला!

"ट्रंक घेतलेली जाडशी बाई दिसते?"

"दिसते की!"

"बसव तिला. पैसे घेऊ नकोस. पाण्याच्या टाकीसमोर आण!"

थोड्या वेळाने वायरलेसमधून किंकाळीच आली! "कोण तुम्ही? मला बहिणीकडे जायचंय! सोडा मला!"

मी गोड बोलून पाहिलं. ती आणखीच किंचाळली. मग माझंही डोकं फिरलं. "अहो विहीणबाई, नखरे पुरे! आधी पोरगी तरी बघा!"

"नखरे कोण करतंय?" मागून आवाज आला.

दारात मुलाची आई! हातात ट्रंक, चपला चिखलाने माखलेल्या, धुक्यातून पायी आलेली!

मग वायरलेसवर रडतंय कोण? जावई धावत आले, ड्रायव्हरला गाव विचारलं. डोंगरापलीकडचं शहर! तिथेही स्टेशन, तिथेही टाकी!

मुलाच्या आईने सरळ माझ्या हातातला माइक ओढला. "ए गाढवा! त्या बाईंना आधी बहिणीकडे पोचव!"

"हो, आई!"

मला बाई, आणि हिला आई!

मग तिने धाकटीला खालीवर न्याहाळलं. "पोरगी पसंत आहे. या घरात कमी बोलणारं एक तरी माणूस दिसतंय. आणि पुढच्या वेळी गाडी पाठवू नका, मी चालत येईन."

जावई कोपऱ्यात तोंड दाबून हसत होते. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, "जावईबापू, तुमची हवा डोंगरापलीकडचं ऐकवते, पण दारातल्या माणसाला ऐकू जाऊ नये एवढं काही तिच्याने होत नाही! असली हवा काय कामाची?"