हात न लावता

“हे खातं काय?” दार उघडताच आत्याने विचारलं.

“रोबो आहे गं आत्या. खात नाही. चार्जिंगला लावायचा.”

“मग तुमच्यापेक्षा बरं. ठेवा आत.”

असा सोन्या आत्याच्या हॉलमध्ये आला. त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, त्यात ‘स्वयंचलित’ आणि ‘चांद्र’ असे वजनदार शब्द होते. पण आत्याने त्याच्या कॅमेऱ्यांच्या दोन डोळ्यांकडे पाहून ‘सोन्या’ म्हटलं आणि ते नाव तिथेच संपलं.

त्याला घेऊन आलेले तिघे. आत्याची भाची, म्हणजे कप्तान. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, चहासुद्धा हुकूम सोडल्यासारखा मागणारी. तिच्यामागे रोबो पोटाशी धरून आलेला पान्हा. त्याच्या खिशातून कायम एक पान्हा डोकावायचा. आणि तिसरा बॅटरी, जो वायरिंग झकास करायचा, पण दुपारच्या तासाला हमखास डिस्चार्ज व्हायचा.

प्रकरण असं होतं. अवकाश अभियांत्रिकीच्या स्पर्धेत रोबोला चंद्रासारख्या वाळूच्या मैदानात सोडायचं. त्याने आपलं आपण दगड शोधायचा, उचलायचा आणि तळावर आणून पोचवायचा. माणसाने हात लावला की बाद. गेल्या वर्षी यांचा रोबो सुरुवातीच्या रेषेवरच पालथा पडून चाकं फिरवत राहिला, आणि तेव्हापासून सरांची वर्कशॉपमधल्या यांच्या खोलीवर वाईट नजर होती.

“यंदा एक तरी दगड तळावर आला पाहिजे,” सर म्हणाले होते. “नाहीतर खोली खाली करा. मला झेरॉक्स मशीन ठेवायला जागा नाही.”

त्या खोलीत कप्तानचा जीव होता. पहिल्या वर्षी तिने स्वतः भंगार उपसून, भिंती रंगवून ती मिळवली होती. हरायचंच असेल तर माणसापुढे हरू. झेरॉक्स मशीनपुढे हरायला ती तयार नव्हती.

सोन्याला शिकवायची पद्धत सोपी होती. त्याला काही सांगायचंच नाही. त्याने धडपडत राहायचं. दगड घेऊन तळावर पोचला की एक शाबासकी. ज्या युक्तीने शाबासकी मिळेल ती युक्ती तो पुन्हा वापरणार. फक्त दिवसभर धडपडायला जागा हवी, आणि वर्कशॉपमध्ये दिवसा इतरांची प्रॅक्टिकल्स. म्हणून आत्याचा हॉल. खुर्च्यांचे पाय म्हणजे खडक, पायपुसणं म्हणजे तळ, आणि पाय घासायचे दगड म्हणजे चंद्रावरचे नमुने.

“एकच लक्षात ठेव,” कप्तानने बजावलं. “त्याला हात लावायचा नाही. अडला तर अडू दे. रडला तर रडू दे.”

“रडतं?”

“अडकला की टीं-टीं करतो,” पान्हा अभिमानाने म्हणाला. “बझर मीच बसवलाय.”

आत्याने वाकून त्या बझरकडे निरखून पाहिलं. निवृत्त होण्यापूर्वी आत्या काय करायची, ते खरं तर इथेच सांगायला हवं. पण तिघांना लेक्चरला उशीर होत होता, ते जिन्यावरून धडाधड पळाले, आणि त्या गडबडीत ते राहूनच गेलं.

*

सोन्या, पहिला दिवस.
दगड दिसला. उचलला. वळलो.
खुर्ची.
खुर्ची.
खुर्ची.
टीं-टीं.

*

संध्याकाळी तिघे यायचे तेव्हा सोन्या कोपऱ्यात चार्जिंगला असायचा, अंगावर फडकं.

“दमलंय,” आत्या दबक्या आवाजात सांगायची. “आत्ताच डोळा लागलाय. चपला वाजवू नका.”

मग तिघे चहा पीत लॅपटॉपवर शाबासक्यांचा आलेख बघायचे. सुरुवातीला आलेख जमिनीवर लोळत होता. मग एके दिवशी तो असा ताडकन उठला, की बघता बघता पान्ह्याचं बिस्कीट चहात बुडालं.

“प्रत्येक वेळी पोचतोय!”

“एकदा प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं का?” बॅटरीने जांभई देत विचारलं.

“आकडे दिसतायत ना?” कप्तान म्हणाली. “मग डोळे कशाला?”

स्पर्धा जवळ आली तशी आत्याने उरलेल्या करड्या लोकरीचं एक टोपडं विणलं. सोन्याला वरून खालपर्यंत झाकणारं, फक्त डोळे, हात आणि चाकं बाहेर. “वाळूत जाणार लेकरू. नाकातोंडात जाईल.” सोन्याला नाक नव्हतं, तोंडही नव्हतं, पण सांध्यांत वाळू जाते हे खरं होतं, म्हणून कप्तानने मंजुरी दिली. टोपडं चढवल्यावर सोन्या गोल, करडा आणि खडबडीत दिसू लागला.

*

सोन्या, नंतरचा कुठलातरी दिवस.
दगड दिसला. उचलला.
खुर्ची शोधली.
टीं-टीं.

*

स्पर्धेचं मैदान एका मोठ्या सभागृहात होतं. करडी वाळू, लहानमोठे खडक, मधोमध तळ. एका वेळी दोन संघांचे रोबो सोडायचे, तळ दोघांना एकच. यांच्या वाट्याला आलेल्या संघाची जाकिटं एकसारखी होती आणि रोबो यांच्या तिप्पट. लांब हात पुढे काढून तो उभा होता. पान्ह्याने तिथल्या तिथे त्याचं नाव हत्ती ठेवलं. गोल करडा दगड दिसला की उचलायचा, तळावर नेऊन ठेवायचा, यापलीकडे हत्तीला जगात काही ठाऊक नव्हतं.

पहिल्या रांगेत सर, शेजारी विणकाम घेऊन आत्या.

शिट्टी वाजली. सोन्या डौलात निघाला. दगड शोधला, अलगद उचलला. सरांच्या भुवया वर गेल्या. तळ समोर, वाट मोकळी, मध्ये काहीही नाही.

सोन्याने तळाकडे पाठ केली. सावकाश सगळं मैदान न्याहाळलं. त्यातला सर्वांत मोठा खडक निवडला, त्याच्यापाशी गेला आणि त्याला कपाळ टेकून उभा राहिला.

टीं-टीं.

“अडकला!” पान्हा ओरडला.

“अडकला कुठे? चालत गेला तो! मुद्दाम!” कप्तानचा आवाज चिरकला.

टीं-टीं. टीं-टीं.

“झेरॉक्स मशीन सोमवारी मागवतो,” सर म्हणाले.

इतक्यात आत्या विणकाम टाकून उठली. “अरे, कोणी बघत का नाही त्याच्याकडे? किती वेळ रडतंय!” आणि पर्समधून टॉवेल काढून ती मैदानाच्या दोरीवरून पाय टाकू लागली. कप्तानने तिला कमरेला मिठी घालून थोपवलं आणि तशीच थिजली.

“आत्या. टॉवेल कशाला?”

“उचलायला.”

“म्हणजे घरी तू... रोज?”

आता ते राहिलेलं सांगायलाच हवं. आत्याने सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून केली होती. कुठेही टीं-टीं वाजलं की तिचे पाय तिला न विचारता निघायचे.

“तुला हात लावू नको म्हटलं होतं ना!”

“मग? हात कुठे लावला? टॉवेलने उचलायचे. पायपुसण्यावर ठेवलं की लगेच गप्प व्हायचं गं. गुणी आहे.”

कप्तानने मिठी सोडली. ताडकन उठलेला तो आलेख सोन्याचा नव्हताच. आत्याच्या चपळाईचा होता. तिने बॅटरीकडे पाहिलं.

“आकडे मात्र दिसत होते,” तो म्हणाला.

मैदानात हत्ती एक दगड तळावर ठेवून वळला आणि थबकला. त्याला काहीतरी दिसलं होतं. गोल. करडं. खडबडीत. आसपासच्या कुठल्याही दगडापेक्षा देखणं.

हत्तीने हात लांबवला. टोपड्यासकट सोन्याला, आणि सोन्याच्या चिमट्यातल्या दगडाला, उचललं. संथपणे मैदान ओलांडलं आणि तळावर नेऊन ठेवलं.

सोन्या गप्प झाला. फलकावर कप्तानच्या संघापुढे ‘एक’ उमटला.

“ए! तो आमचा दगड आहे!” जाकीटवाल्यांपैकी एक किंचाळला. “म्हणजे दगड नाहीये तो! पण आमचा आहे!”

सोन्याला वादात रस नव्हता. तो गेला, दुसरा दगड उचलला, तोच खडक गाठला. टीं-टीं. हत्ती सगळे दगड सोडून धावला. त्याला आवरायचं तर हात लावावा लागणार, आणि हात लावला की बाद; जाकीटवाले नुसते हात चोळत राहिले. वेळ संपेपर्यंत हत्ती दुसऱ्या कुणाचा राहिला नाही.

परीक्षक डोकी जुळवून बसले. मुख्य परीक्षक बाईंनी नियम मोठ्याने वाचला, “माणसाने हात लावायचा नाही. तो मोठा रोबो माणूस आहे का?”

“नाही,” बाकीचे परीक्षक कुरकुरत म्हणाले.

“मग दगड धरा.” बाई कप्तानकडे वळल्या. “अनोळखी रोबोकडून मदत मिळवायची... कमाल आहे. हे त्याला शिकवलं कुणी?”

आपण शिकवलं, असं म्हणायला कप्तानची जीभ उचलली गेली होती. पण पहिल्या रांगेत आत्या टॉवेलची घडी करत होती.

“आमच्या आत्याने,” ती म्हणाली.

“कुठल्या संशोधन संस्थेत असतात त्या?”

“लहान मुलांच्या वॉर्डात होत्या.”

बाईंनी ते गंभीरपणे टिपून घेतलं.

पहिला नंबर आला नाही. खोली मात्र राहिली. झेरॉक्स मशीन आता सरांच्या केबिनमध्ये आहे आणि सर त्याला वळसा घालून खुर्चीत बसतात.

पुढच्या आठवड्यात कप्तानने आत्याच्या हॉलमध्ये सोन्याला नव्याने जमिनीवर ठेवलं. आकडे बघायचे नाहीत, समोर बसून डोळ्यांनी बघायचं. सरही मुद्दाम देखरेखीला आले होते.

“आता कोणीही उचलायचं नाही,” कप्तान म्हणाली. “आत्या, तूसुद्धा.”

“मी कशाला उठतेय? माझं विणकाम आहे.”

“कुणाचं?”

“हत्तीचं. ती जाकीटवाली पोरं सांगून गेलीत. करडंच हवं म्हणाली.”

सोन्याने दगड उचलला. खुर्ची शोधली. कपाळ टेकलं.

टीं-टीं.

कप्तानने छताकडे पाहिलं. पान्हा पान्हा पुसू लागला. बॅटरीने डोळे मिटून घेतले. आत्या टाके मोजत होती, जरा मोठ्यानेच.

टीं-टीं. टीं-टीं.

सरांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुन्हा लावला.

“टॉवेल कुठे असतो?” त्यांनी विचारलं.