वाघोजीरावांची गाडी आणि तीन टिकल्या

यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखवा, पोरांनो. पैज आपली. ठेवलात तर तुम्ही वेडे, नाही ठेवलात तर शहाणे. आणि शहाण्यांना गोष्टी सांगायला कोण रिकामं बसलंय? तेव्हा वेडे व्हा आणि गुमान बसा. तू रे, नाकातलं बोट काढ आधी.

तर एका जंगलात एक मोटार होती.

हसलास? जंगलात कोल्हा न्याय करतो, बगळा उपास धरतो, ते चालतं तुला. मोटार म्हटली की दात निघाले!

मोटार पण कशी? लांबच लांब. नाकाला चांदीची जाळी, आत शिसवी लाकूड, बसायला मऊसूत कातड्याची गादी. कुणाचं कातडं ते विचारू नका. जंगलात असलं विचारत नसतात. थोरल्या वाघानं ती साता समुद्रापलीकडच्या जंगलातून आणवली होती. दार लावलं की 'धप्' वाजायचं. जड, घरंदाज. त्या आवाजानं लांबची हरणं उठून उभी राहायची.

थोरला वाघ गेला. गाडी तरसाकडे गेली. तरसाकडून गव्याकडे, गव्याकडून हुप्पाजी माकडाकडे. मग थोरल्याचा नातू वाघोजीराव गादीवर बसला. शेजारच्या जंगलातल्या सिंहानं नवी गाडी घेतली म्हटल्यावर ह्याला आजोबांची गाडी आठवली.

हुप्पाजीनं ती त्याच्या गळ्यात मारली. म्हणाला, "सरकार, एकहाती गाडी आहे. फक्त देवाला जायला वापरलेली."

माकडाचे चारही हातच की! आणि म्हणे एकहाती.

गाडी आली ती ढकलत आली. वाघोजीरावांनी साळूबाईला बोलावलं.

साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे. जंगलातली एकुलती एक मेस्त्रीण. पाठीवरचा काटा उपसायची आणि त्यानं नळ्या साफ करायची, भोकं शोधायची, खिळे उचकटायची. एका जुन्या बेहड्याच्या मुळाशी तिचं बीळ. तिच्या आजीनं सुरू केलेलं, आईनं वाढवलेलं, तिनं शाकारलेलं. धो धो पावसात आत थेंब यायचा नाही.

वाघोजीराव म्हणाले, "खांडेनवमीला सगळे हत्यारं पुजतात, वाहनं पुजतात. त्या दिवशी मी देवीच्या टेकडीवर गाडीनं चढणार, गाडीनं उतरणार. तोवर गाडी माझ्या मनासारखी झाली, तर बेहडा तुझा. तुझ्या नातवंडा-पतवंडांचा. नाही झाली, तर बेहडा हुप्पाजीला. त्यालाही गॅरेज टाकायचंय म्हणतो."

"नीट करून देते, सरकार," साळूबाई म्हणाली.

तो म्हणाला 'मनासारखी'. ती म्हणाली 'नीट'. तिला वाटलं, दोन्ही एकच. तिथंच फसली बाई.

तिनं दार लावून पाहिलं. 'खुळ्ळ' वाजलं.

गादीवर चित्त्याच्या ठिपक्यांचं रेक्झिन. ते फाडलं तर खाली लाल मखमल. मखमल फाडली तर पिवळं प्लास्टिक. त्याच्याखाली ते मूळचं कातडं, गुदमरून पडलेलं. मागच्या काचेवर 'गव्याचा नाद करायचा नाय'. ते खरवडलं तर खाली 'तरसाची कृपा'.

मग नाक उघडलं. इंजिन गार ठेवायला पाण्याचा डबा असतो, रेडिएटर म्हणतात त्याला. तो गळायला लागला की कथलाचा डाग देऊन भोक बुजवायचं असतं. तरसानं काय केलं? मूठभर हळद टाकली. हळद भोकात बसते, गळती थांबते. पुढं गव्यानं पातेलंभर टाकली. हुप्पाजीनं पोतं रिकामं केलं. आत इंजिन कसलं, लग्नघरच होतं ते! पेट्रोलच्या टाकीला साबणाची वडी चिकटवलेली. त्या वडीला भोक पडलं म्हणून वडीवर दुसरी वडी. आणि धुराची नळी तुपाच्या डब्याच्या पत्र्यात गुंडाळून वर सुतळी.

साळूबाई गाडीखाली शिरली आणि तिचे काटेच उभे राहिले.

एका चाकाची ब्रेकच्या तेलाची नळी गळत होती. तरसानं ती बदलली नाही, पकडीनं चेपून दुमडून टाकली. गळती बंद. त्या चाकाचा ब्रेकही बंद. पुढं दुसरी गळली, ती गव्यानं चेपली. तिसरी हुप्पाजीनं. म्हणजे एवढं धूड एका चाकावर थांबायचं. थांबायचं कसलं, थांबल्यासारखं करायचं.

आता असं झालं की चालवणाऱ्याच्या समोर एक लाल दिवा लागतो. लागलाच असणार की. बिचाऱ्याचं कामच ते. पण साळूबाईला समोर दिवा दिसेना. दिसली ती टिकली. चांगली बशीएवढी, मरून रंगाची. काट्यानं उचकटली तर खाली दुसरी. तीही उचकटली तर खाली तिसरी, तरसाच्या बायकोच्या कपाळाची. आणि तिच्याखाली दिवा. मिणमिणत होता. किती वर्षं ओरडत होता कोण जाणे.

वर फांदीला हुप्पाजी उलटा लोंबकळत होता.

"बाई, चालत होती की गाडी. उघडलीस कशाला?"

"चालत होती. थांबत नव्हती."

"राजाच्या गाडीला थांबायचंय कशाला?"

"उतार लागतो, हुप्पाजी."

"मग चाकाखाली लिंबू ठेवायचं. मी तेच करायचो."

"लिंबाचं सरबत होतं रे, ब्रेक नाही होत."

"तुझा कशावर विश्वासच नाही. म्हणून तर अंगाला काटे फुटले तुझ्या."

"आणि हा वेगाचा काटा शंभरावर खिळा मारून कुणी बसवला?"

"मीच," हुप्पाजी छाती फुगवून म्हणाला. "बसणाऱ्याला बरं वाटतं."

श्रावण गेला, भादवा गेला. साळूबाईनं हळद धुतली, साबण खरवडला, तुपाचा डबा फेकला. चारही नळ्या नव्या घातल्या. खिळा उपटला. शिसवाला तेल पाजलं. काटे उपसून उपसून पाठीवर टक्कल पडलं तिच्या. आणि एके दिवशी तिनं दार लावलं.

'धप्.'

लांब कुठंतरी हरणं उठून उभी राहिली. साळूबाईनं दहादा दार लावून पाहिलं. डोळे पुसले तर गालाला ग्रीस लागलं.

खांडेनवमी उजाडली. गाडीला झेंडूच्या माळा, नाकाला आंब्याचा डहाळा, चाकांखाली चार लिंबं. सगळं जंगल जमलं. वाघोजीराव रुबाबात आत बसले. किल्ली फिरवली आणि गाडीत घंटी वाजायला लागली. टिंग टिंग टिंग.

"ही काय म्हणते?" वाघोजीराव दचकले.

"दार नीट लागलं नाही म्हणते, सरकार. आपलं शेपूट दारात आहे."

"राजाचं शेपूट कुठं असावं, ते गाडी सांगणार?"

"आत घेतलंत तर गप्प बसेल, सरकार."

शेपूट आत आलं. गाडी निघाली. मिरवणूकच ती, हलगीवाल्यांच्या मागून चाललेली. वाघोजीरावांनी समोर पाहिलं आणि मिशा थरथरल्या.

"बारा? हा काटा बारा दाखवतो? परवापर्यंत हीच गाडी शंभरानं पळत होती!"

"परवापर्यंत ढकलत होते, सरकार."

"आणि हा दिवा?"

"हातब्रेक ओढलेलाच आहे सरकार, तो खाली—"

"हे लावलेलं नाही, ते सोडलेलं नाही, वेग नाही! माझ्या गाडीत बसून माझ्याच चुका ऐकू? पूर्वी ही अवाक्षर बोलत नव्हती!"

हुप्पाजीनं फांदीवरून उडी मारली. "तेच म्हणत होतो, सरकार. चांगली मुकाट गाडी होती. बाईनं उघडून बिघडवली."

त्यानं घंटीची वायर दातानं तोडली. काटा शंभरावर नेऊन खिळा मारला. खिशातून कोरी टिकली काढून दिव्यावर लावली. ब्रेकला मात्र हात लावला नाही. त्याला गाडीखाली झोपावं लागतं आणि हुप्पाजीनं नवा सदरा घातला होता.

"आत्ता कसं!" वाघोजीराव खूश झाले. हातब्रेक तेवढा हुप्पाजीचा पाय लागून आपोआप सुटला.

गाडी बाराच्या वेगानं आणि शंभराच्या थाटात टेकडी चढली. पूजा झाली. उतार लागला. उतारावर निम्म्यात एक वळण आहे. तिथं वळला नाहीत तर पुढं रस्ता नाही, खाली थेट ओढा.

गाडी सुटली. हलगीवाले बाजूला उड्या मारायला लागले. वाघोजीरावांनी काटा पाहिला. चढताना शंभर, उतरताना शंभर. मग घाबरायचं कशाला? त्यांनी मिशीला पीळ भरला. तेवढ्यात समोर रस्ता संपला. त्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर मारले.

चारी चाकं जागच्या जागी रुतली. माळ तुटून ओढ्यात गेली. वाघोजीरावांचं नाक जाऊन आदळलं हातातल्या स्टिअरिंगवर. गाडी उभी राहिली ती कड्यापासून चार बोटांवर.

सगळं जंगल कड्याशी धावलं. मग हुप्पाजी ओरडला, "टिकलीचा प्रताप!"

"देवी पावली!" गवा म्हणाला.

"लिंबू पावलं, लिंबू!" तरस म्हणालं.

साळूबाई धापा टाकत आली. "अहो, ब्रेक लागला! चारही चाकांना लागला!"

वाघोजीराव नाक धरून उतरले. "ब्रेक तू केलास?"

"हो, सरकार."

"म्हणजे माझं नाक तू फोडलंस."

साळूबाईनं नाकाला लावायला फडकं पुढं केलं.

"गाडी माझ्या मनासारखी झाली ती हुप्पाजीचा हात लागल्यावर," वाघोजीराव म्हणाले. "बेहडा त्याचा."

झालं. आजीचं बीळ, आईचं बीळ, एका नाकापायी गेलं. साळूबाईनं एक काटा फुलवला नाही. हत्यारांचं गाठोडं बांधलं. त्या तीन जुन्या टिकल्या मात्र बेहड्याच्या खोडाला चिकटवून गेली. नव्या मेस्त्रीला लागतील म्हणून.

आणि लागल्या हो! पोळ्याच्या सुमाराला एक नळी गळली, हुप्पाजीनं ती चेपली. गणपतीत दुसरी. पितरांच्या पंधरवड्यात तिसरी. चौथी होती, तिचं काय करावं ह्या विचारात असताना तीही गळली. दर नळी चेपली की दिव्यावर खोडावरची एक टिकली. जंगल म्हणालं, "गाडी कशी मऊ चालते आता! नाक आपटत नाही."

साळूबाईनं नवं बीळ कुठं खणलं माहीत आहे? ओढ्याकाठी. बरोब्बर त्या वळणाच्या खाली.

ओढ्यातला खेकडा हसला. "अगं साळूबाई, इथं गॅरेज? इथं गाडी आणणार कोण? इथं यायला रस्ता नाही."

"आणायला कशाला पाहिजे?" साळूबाई म्हणाली. "येईल."

पुन्हा खांडेनवमी आली. साळूबाईनं सकाळी हत्यारं पुजली. मग बिळापुढं पेंढा अंथरला, चांगला पुरुषभर उंच. काटे असले तरी जीव मऊ होता तिचा. चुलीवर चहाचं आधण ठेवलं आणि वर बघत बसली.

"किती जणांचं ठेवलंस?" खेकड्यानं विचारलं.

"वर गाडीत कितीजण बसलेत, त्यावर आहे."

वरून हलगी ऐकू येत होती. मग हलगी थांबली आणि नुसता आरडाओरडा ऐकू यायला लागला. तो जवळ येत होता. जरा जास्तच भराभर जवळ येत होता.

साळूबाईनं साखर टाकली.

तात्पर्य: लाल दिवा लागला की टिकली लावावी, टिकली काढणाऱ्याचं घर जातं. आणि ज्याला खरंच काम येतं, त्यानं टेकडीवर शहाणपण सांगत उभं राहू नये. खाली पेंढा पसरून बसावं. गिऱ्हाईक आपल्या पायानं येत नसेल, तर डोक्यावर येतं.

पेंढा पुरला का, ते मला काय विचारतोस? खेकड्याला विचार. ऊठ, जा आता. आणि जाताना दार लावून जा. धप् वाजलं पाहिजे. खुळ्ळ वाजलं तर परत बोलावीन.