मिडविकेटचे साळवेकाका

अंबरनाथ पूर्वेतील समस्त रहिवाशांस, तसेच उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधील झाडून साऱ्या दुकानदारांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या इमारतीचे ज्येष्ठ फलंदाज श्री. गौतम साळवे हे चेंडू कुठेही पडला तरी तो मिडविकेटलाच मारतात. ऑफस्टंपच्या हातभर बाहेर पडू दे, पायात पडू दे, डोक्यावरून जाऊ दे. साळवेकाका त्याला कान धरून आणल्यासारखा ओढून आणतात आणि मिडविकेटवरून भिरकावतात. बहुतेक वेळा त्रिफळा उडतो. त्याचं त्यांना काही नाही. बाकीच्या मैदानाशी त्यांचं काय वैर आहे, हे इमारतीला अजून कळलेलं नाही.

हे क्रिकेट अर्थात टीव्हीवरचं. काका माझ्या समोरच्याच दारात राहतात. मालतीकाकू गेल्या आणि काका घरात एकटे उरले, तेव्हा बंगळूरच्या जावयानं, नितीननं, आपला वापरलेला व्हिडिओ गेमचा डबा आणून त्यांच्या टीव्हीला जोडून दिला. म्हणाला, "पपा, वेळ जाईल." वेळ गेला. माझाही गेला, कारण काकांना बोलिंग टाकायला माणूस लागतो, आणि रविवारी दाढी करून रिकामा बसलेला माणूस इमारतीत मीच.

"मोरे, ये. दोन ओव्हर टाक," एवढी हाक पुरते. मग काका चुकून कधीतरी सिक्सर मारतात, चेंडू मिडविकेटच्या प्रेक्षकांत पडतो, पडद्यावर ते प्रेक्षक दिसतात, आणि काका लगेच खेळ थांबवतात. "थांब जरा. चष्मा पुसतो." मी थांबतो. वय झालं, दम लागत असेल, असा माझा समज.

काकांची सारी नोकरी रंगाच्या कारखान्यात गेली. काम एकच: शेड जुळवणं. ग्राहकानं पाठवलेला पत्र्याचा तुकडा आणि आपल्या बॅचमधला तुकडा शेजारी शेजारी धरायचा, दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी, आणि सांगायचं: पास किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी तपासणी घरी आणली. आमच्याकडे चहा प्यायला आले की पहिला घोट घेण्याआधी कप खिडकीशी नेतात. "हेमा, कालच्यापेक्षा अर्धी शेड काळा आहे." माझी बायको म्हणते, "काका, प्या. भिंतीला नाही लावायचाय."

स्वतःच्या मुलीच्या लग्नात तर पंचशील चालू असताना हा गृहस्थ हात जोडलेल्या अवस्थेत माझ्या कानाशी आला. मला वाटलं, लेकीच्या विचारानं गहिवरले. ते कुजबुजले, "जावयाचा कुर्ता पांढरा आहे, पायजमाही पांढरा आहे. पण दोन्ही एका बॅचचे नाहीत." पुढं वर्षभर नितीन सासरी येताना चेक्सचा शर्ट घालून यायचा.

आयुष्यात काकांनी खरी सिक्सर एकदाच मारली, तीही कारखान्याच्या वार्षिक सामन्यात, पेंट शॉप विरुद्ध पॅकिंग. ती गोष्ट इमारतीत सगळ्यांना पाठ आहे. मालतीकाकू मैदानाच्या कडेला, मिडविकेटच्या बाजूला, सतरंजीवर डबा घेऊन बसल्या होत्या. नेसली होती ती मोहरीच्या रंगाची पिवळी साडी, काकांनी दुकानातली चाळीसेक पिवळी पातळं उजेडात नेऊन रिजेक्ट केल्यावर पास झालेली. चेंडू उंच गेला आणि थेट काकूंच्या मटकीच्या उसळीत पडला. काकू उठल्या. साडीवर तर्री, हातात चेंडू. रागावायचं सोडून त्यांनी तो चेंडू डोक्यावर धरून हलवला आणि ओरडल्या, "अहो, तुमचाच आहे हो!" चेंडू परत आला आणि पुढच्याच चेंडूवर काका बोल्ड. लक्षच नव्हतं.

तर एवढ्यात नितीननं बंगळूरहून फोन केला. गेमचा नवा डबा निघालाय, चित्रं एकदम खरी वाटतात, खेळाडूंचा घाम दिसतो, गवताची पात न् पात दिसते. त्यानं कॅम्प तीनमधल्या दुकानदार लछूशेठला सांगून टाकलं होतं: नवा घरी पोचवा, जोडून द्या, आणि जुना एक्सचेंजमध्ये घेऊन जा.

काका हबकले. "घाम बघायला डबा कशाला? मे महिन्यात अंबरनाथला आरसा आहे ना!"

"पण पपा, फरक कळेल तुम्हाला. तुमची तर नजर आहे."

इथं जावयानं बरोब्बर नस धरली. काका फोनवर ताठ झाले. म्हणाले, "तपासणी होईल. नवा पास झाला तर जुना जाईल. रिजेक्ट झाला तर तुझा नवा परत." आणि फोन ठेवल्यावर जुन्या डब्यावरची धूळ बनियननं पुसत बसले. धूळ नव्हती.

रविवारी लछूशेठ कॅम्प तीनहून रिक्षानं आला, नवा डबा मांडीवर बाळासारखा धरून. गोरा, गुबगुबीत, कपाळावर घाम. घाम बघून काका म्हणाले, "हा तर फुकटात दिसला."

"साईं, मजाक नको," लछूशेठ म्हणाला. "आधी बघा, मग बोला. जमीन-आसमानचा फरक आहे."

काकांनी तपासणीचे नियम सांगितले. पहिला नियम: दिवसाचा उजेड. दुसरा: उत्तरेकडे तोंड. काकांची उत्तरेची बाजू म्हणजे गॅलरी. मग त्यांचा टीव्ही आणि आमचा टीव्ही असे दोन ठोकळे आम्ही गॅलरीत नेले. माझी कंबर त्या दिवसापासून अर्धी शेड वाकडी आहे. एकाला जुना डबा, दुसऱ्याला नवा. सगळं चालू केलं आणि दोन्ही पडद्यांवर एकच चित्र स्पष्ट दिसलं: समोरच्या इमारतीत वाळत घातलेले पायजमे.

"दोघांत काहीच फरक नाही," काका आनंदानं म्हणाले.

"अरे, उन्हात कोण टीव्ही बघतो!" लछूशेठ किंचाळला.

हेमानं दोन चादरी आणि एक सोलापुरी चादर आणून दिली. आम्ही गॅलरीला तंबू ठोकला. आत काका, मी आणि लछूशेठ, बाहेरून हेमा म्हणते, "प्रसूती झाली की सांगा, पेढे आणते." आत भट्टी. दोन्ही ठोकळ्यांवर मॅच लागली. मी डोळे ताणून बघितलं. नव्यात गवत जरा हिरवं. की आमच्याच टीव्हीचा रंग हिरवट? खेळाडू जरा टोकदार. की मला घाम डोळ्यांत गेला म्हणून? खरं सांगतो, इतक्या मोठ्या क्रांतीतला फरक शोधायला भिंग लागलं असतं.

काका तंबूतून बाहेर आले आणि न्यायाधीशासारखे उभे राहिले. "फरक दिसत नाही. रिजेक्ट!" गेल्या कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा एवढा फुललेला मी पाहिला नव्हता.

लछूशेठचा धंद्याचा मान दुखावला. "काका, ही चीटिंग आहे. नवीन माल जुन्या ठोकळ्यावर कसा दिसणार? लोणच्याच्या बरणीत कोणी शरबत पितो काय? मी चपटा टीव्ही आणतो. दोन्ही डबे एकाच टीव्हीवर लावतो. मग बोला!"

काका इतका वेळ शेड जुळवणाऱ्याचं डोकं लढवत होते. आता तेच डोकं त्यांच्यावर उलटलं. दोन्ही तुकडे एकाच जागी, एकाच उजेडात तपासायचे, हा तर त्यांचाच नियम. नाही म्हणता येईना. "आण," ते बारीक आवाजात म्हणाले.

दुपारी लछूशेठ दुकानातला चपटा टीव्ही घेऊन आला. हॉलमध्ये पडदे ओढले. हेमाही येऊन बसली. आधी जुना डबा. मी सोपा चेंडू टाकला, काकांनी मिडविकेटवरून भिरकावला, प्रेक्षक दिसले. मोठ्या पडद्यावर ते आणखीच वाईट दिसत होते. भेळेवर शेव, कांदा, कोथिंबीर टाकावी तसे नुसते रंगाचे ठिपके. ना नाक, ना डोळे.

"बघा!" लछूशेठ म्हणाला. "ही काय पब्लिक आहे? हा तर डाग आहे!"

काकांनी खेळ थांबवला, पण चष्मा मात्र पुसला नाही. ते उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. खालच्या रांगेत, भेळेच्या कडेला, एक पिवळा डाग होता. हात वर केल्यासारखा. काकांनी त्याच्याजवळ बोट नेलं, लावलं नाही.

"मोहरी पिवळा," ते स्वतःशीच म्हणाले. "पास."

मला वाटलं, सवय. लछूशेठनं तोवर वायर काढून नवा डबा जोडला. पुन्हा तेच मैदान, पुन्हा मी चेंडू टाकला. काकांनी मारला. चेंडू चढत गेला आणि मिडविकेटच्या प्रेक्षकांत पडला.

काय सांगू तुम्हाला! भेळ गेली आणि माणसं आली. प्रत्येकाला चेहरा. कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या गालावर रंग. हेमा म्हणाली, "अय्या, तो मागचा जांभई देतोय!" आणि खालच्या रांगेत, त्याच जागी, पिवळा टी-शर्ट घातलेली एक गोरी बाई उठून हात हलवत होती. सोनेरी केस, काळा गॉगल, तोंडात च्युइंगम.

"फरक!" लछूशेठ उडालाच. "साईं, आता बोला! दात मोजून घ्या एकेक! दिसला का नाही फरक?"

"दिसला," काका म्हणाले.

"मग पास?"

काका त्या बाईकडे बघत होते. बाई च्युइंगम चघळत हात हलवत होती, सगळ्या जगासाठी.

"पास," काका म्हणाले. खोटं पास-रिजेक्ट त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं.

हेमानं टाळ्या वाजवल्या. मी नितीनला फोन लावायला उठलो. लछूशेठनं खुशीत गाणं गुणगुणत जुन्या डब्याला वायर गुंडाळली, पिशवीत सरकवला, गाठ मारली, चपला घातल्या. दार उघडून तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलाही. आणि साळवेकाका, जे सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा कधी आवाज चढवत नाहीत, ते अनवाणी जिन्यात धावले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले,

"ए लछूशेठ, ठेव तो डबा खाली! त्यात मालती बसलीय!"