पाय कुठं हाय?

सौंसरच्या बसस्टँडवर सकाळी एका पायावर उभा, डोळे मिटलेला, हातात दुधाची पिशवी धरलेला माणूस दिसला, तर त्याला हात जोडू नका. ते आमचे कामडी सर. एका म्हातारीनं एकदा जोडले होते.

"बाप्पा, कोन्या देवाचा नवस हाय?"

"दोन मिनिटाचा हाय माय," सर डोळे न उघडता म्हणाले, "संपतच आला."

कामडी सर मुलींच्या शाळेत खेळ शिकवायचे. निवृत्त झाले, पण मैदान काही सुटलं नाही. रोज सकाळी सात ते साडेआठ ते पोरींना लांब उडी शिकवतात, आणि पहिला महिनाभर उडी म्हणून मारू देत नाहीत. रांगेत, दुकानात, लग्नाच्या मांडवात, कुठंही ते एका पायावर असतात. मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

माझी लेक रुचिका गेल्या वर्षी उडी घेतानाच पाय मुरगळून पडली. सूज उतरली, भीती उतरेना. धावत यायची आणि जिथून उडी घ्यायची त्या फळीजवळ आली की थांबायची. जिल्ह्याची निवड दोन महिन्यांवर होती. मी तिला सरांच्या हवाली केलं आणि चौथ्या दिवशी बघायला गेले, तर पोरगी कापसाच्या जुन्या गादीवर एका पायावर, डोळे मिटून डुलत उभी! आमच्या वेळी गृहपाठ न करणाऱ्यांना असं उभं करत. माझं डोकंच फिरलं.

"सर, चूक काय झाली हिची?"

"चूक नाई वैनी, उडी शिकून राहिली. उडी एकाच पायावर निघते. तं त्या पायाले एकटं उभं राहता याले नको का?" आणि तिच्याकडे वळून, "पाय कुठं हाय?"

"गादीवर, सर."

"थे मलेबी दिसते. वजन कुठं हाय?"

"करंगळीकडे चाललं."

"अंगठ्याकडे वापस बोलाव त्याले."

सरांचा हात तिच्या पाठीमागे बोटभर अंतरावर होता. लावायचा नाही आणि काढायचाही नाही, ही त्यांची रीत. पुढे पोरी बोरगावच्या एका संत्र्याच्या बागेत धुऱ्यावरून, म्हणजे अरुंद बांधावरून, टाचेला बोट लावत चालल्या. मग गादीवर एका पायावर उभं राहून संत्री झेलू लागल्या. रुचिकानं पहिल्या दिवशी एकही झेललं नाही. महिन्याभरात ती डोळे मिटून पोळीला तेल लावू लागली, तेही एका पायावर. मला हसावं की रडावं ते कळेना.

सरांची एकच गोष्ट मला खटकायची. ते स्पर्धेला कधीच येत नाहीत. साडेआठ वाजले की सायकल काढून घरी. पोरींना तयार करायचं आणि ऐन वेळी पाठ फिरवायची, हे काय? निवडीसाठी छिंदवाड्याला जाताना बसमध्ये मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललेसुद्धा.

रुचिका त्या दिवशी फळीजवळ थांबली नाही. दुसरी आली, निवड झाली. संध्याकाळी पेढे घेऊन आम्ही सरांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं.

अंगणात काकू, सरांच्या पत्नी, डोळे मिटून उभ्या होत्या. मागे सर, हात पाठीपासून बोटभर लांब.

"पाय कुठं हाय?"

"नाई समजून राहिलं हो."

"असू दे. उद्या समजन."

तेव्हा कुठं कळलं, साखरेच्या आजारानं काकूंच्या तळपायांची जाणीव गेली होती. एकट्या असताना त्या दोनदा पडल्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांनी हा व्यायाम दिला, तो सरांनी आधी स्वतः केला, मग काकूंकडून करून घेतला, मग पोरींना शिकवला. सकाळचा दीड तास शेजारीण काकूंजवळ बसते, म्हणून मैदान. छिंदवाड्यासाठी अख्खा दिवस कोणाला मागायचा? बसमधलं माझं बोलणं आठवून मला स्वतःचीच लाज वाटली.

रुचिकानं पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला, चप्पल काढली आणि काकूंच्या मागे जाऊन उभी राहिली. हात बोटभर लांब.

"सर, तुम्ही बसा थोडे. मी हाय."

सरांनी तिचा हात नीट पाहिला. अंतर बरोबर होतं. मग ते ओट्यावर जाऊन बसले, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून.