गल्लीच्या वतीनं खाणारी

झारी गल्लीतल्या बेचाळीस घरांच्या वतीनं पौष्टिक खायला नगरपालिकेनं तारामती खिलारेची नेमणूक केली. गल्लीत फळं कुणालाच परवडत नव्हती, आणि नगरपालिकेला एका माणसापुरतीच परवडत होती. म्हणून खायचं तारामतीनं आणि गुण लागायचा सगळ्यांना. चव मात्र खाणाऱ्यालाच लागेल, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं.

अर्ज दोनच आले होते. दुसरा तिच्या शेजारणीचा, सोजर लोखंडेचा. सोजरची एक दाढ कमी भरली.

रोज सकाळी दहाला तारामती समाजमंदिरात खुर्चीवर बसायची. आरोग्यसेविका घाटगेबाई तिच्यापुढे ताट ठेवायच्या. डाळिंब, उकडलेलं अंडं, मोडाची मटकी, पालक. गल्ली दारात उभी राहून बघायची. सोजर समोरच्या घरात यंत्रमागाच्या कांड्या भरता भरता खिडकीतनं बघायची, आणि तिचं सूत तुटायचं.

दोन महिन्यांत गुण आला. सोजरची वैजू चौथीत होती. चार पायऱ्या चढली की धापा टाकणारी ती पोर आता दोरीवरच्या उड्या मारायला लागली. तिचं रक्त सातावरून अकरावर गेलं.

"माझ्या पोरीच्या गालावरची लाली तारामतीच्या तोंडातनं आली," सोजर नवऱ्याला म्हणाली.

"आली न्हवं? मग झालं की." त्यानं चहात खारी बुडवली.

"झालं कसं? आई मी हाय तिची."

त्यात वैजू एक दिवस म्हणाली, "तारामावशी एकेक दाणा किती छान खाती गं!" सोजरनं कढई चढवली. घरातलं होतं नव्हतं ते तेल ओतून मिरचीची भजी तळली आणि ताटली घेऊन शेजारी गेली.

"तारामती, जरा मीठ बघ गं."

"नको बाई. नेमणूक हाय माझी."

"मिठापुरतं एक."

तारामतीनं तीन महिने अळणी खाल्लं होतं. एक भजं तोंडात गेलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अकरा खाल्ली.

चारच्या सुमारास बेचाळीस घरांत एकदम करपट ढेकर सुरू झाले. म्हातारी माणसं छाती चोळत ओट्यावर येऊन बसली. वैजूला तीनदा उलटी झाली. सोजर तिचं डोकं धरून बसली होती. तिला कुणाकडं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली.

"भजी कुणी दिली?" घाटगेबाईंनी विचारलं.

तारामतीनं सोजरकडं बघितलं. "कुणी न्हाई. मीच तळली."

"तुमच्या घरी तेल किती आहे?"

"संपलं."

घाटगेबाईंनी तसं लिहून घेतलं आणि तारामतीला कमी केलं. सोजरचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण खोटं बोलण्यातसुद्धा मोठेपणा तारामतीच घेऊन गेली, म्हणून सोजरची जास्तच आग झाली.

अर्ज दुसरा एकच असल्यामुळं सोमवारी खुर्चीवर सोजर बसली. ताटात पपई होती. दारात सगळी गल्ली जमली होती. पुढं वैजू, सगळ्यांत मागं तारामती.

सोजरनं पहिली फोड खाल्ली.

"आई, कशी लागती गं?" वैजूनं विचारलं.

सगळे थांबून ऐकत होते.

"गोड," सोजर म्हणाली.

"नुसती गोड न्हाई," मागनं तारामती म्हणाली. "गिळताना जरा कडसर लागती."

सोजरनं दुसरी फोड तोंडात घातली आणि सावकाश चावली. तारामतीचं खरं होतं.

"गोडच हाय," ती मोठ्यानं म्हणाली.

घाटगेबाईंनी रजिस्टरमध्ये 'गोड' असं लिहिलं आणि खाली तिची सही घेतली.